पँगाँगला जरूर जा, पण तिसऱ्या दिवशी नको

एप्रिल-मे महिना आला की माझ्या दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येतो. तो ठणठणीत असतो. हातात सहल कंपनीचा छापील फॉर्म असतो आणि मागणी एकच असते, "डॉक्टर, जरा फिट म्हणून लिहून द्या. लडाखला चाललोय."

मी बीपी बघतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, पन्नाशीच्या पुढचा असेल तर ईसीजी काढतो. सगळं नॉर्मल असलं की सही आणि शिक्का. काम दहा मिनिटांचं. अशा किती सह्या मी केल्या असतील त्याची मोजदाद नाही.

त्यातली एक सही मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

एका सहीची गोष्ट

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय ५९. शुगर नाही, बीपी नाही, रोज पहाटे टेकडी चढणारे. मी आनंदानं फिट लिहून दिलं. शनिवारी ते आणि वहिनी ग्रुपबरोबर विमानानं लेहला उतरले. रविवारी ‘लोकल साइट सीइंग’ होतं, त्यात पायऱ्या चढून शांतिस्तूप. त्याच संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, जेवण जाईना. ग्रुपमधल्या एकानं पित्ताची गोळी दिली, दुसऱ्यानं डोकेदुखीची. सोमवारी सकाळी डोकं ठणकतच होतं. पण कार्यक्रमात लिहिलं होतं : तिसरा दिवस, पँगाँग लेक. सगळ्यांच्या बॅगा गाडीत चढल्या होत्या. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ते गप्प बसले आणि गाडीत जाऊन बसले.

चांगला खिंडीत फोटो झाले, गरम मॅगी झाली. दुपारी तळं दिसलं. "डोळ्यांचं पारणं फिटलं हो," असं ते नंतरही मला म्हणाले. रात्री तंबूत आडवं झाल्यावर खोकला सुरू झाला. मग दम लागायला लागला, तोही पडल्यापडल्या. उठून बसलं की जरा बरं, पडलं की पुन्हा घुसमट. टूर मॅनेजर, म्हणजे जेमतेम पंचविशीचा मुलगा, म्हणाला की सकाळी उजाडलं की बघू. लडाखी ड्रायव्हर मात्र ऐकेना. "सुबह का इंतजार मत करो, साहब," म्हणत त्यानं गाडी काढली. टांगत्सेला ऑक्सिजन मिळाला, तसाच तो लावून त्यांना लेहला आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. काही दिवस रुग्णालयात काढून ते सुखरूप घरी आले.

फाइल घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. साधं कुतूहल होतं. "डॉक्टर, तुम्ही तर फिट म्हणाला होतात ना?"

म्हणालो होतो. आणि ते फिट होतेही. चूक त्यांच्या हृदयाची नव्हती, फुप्फुसांचीही नव्हती. चूक कार्यक्रमपत्रिकेत होती आणि ती पत्रिका मी बघितलीच नव्हती.

हवा तीच, दाब कमी

आधी थोडं शास्त्र. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. आपलं महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहचा विमानतळसुद्धा त्याच्या जवळपास दुप्पट उंच. पँगाँग तळं ४,२०० मीटरच्या वर. आणि वाटेतली चांगला खिंड ५,३०० मीटरच्या आसपास, तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्यांच्याही वर.

"तिकडे हवेत ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण इथंही २१ टक्के आणि तिथंही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो : लेहला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, पँगाँगला ६० टक्क्यांच्या आसपास, चांगलावर निम्म्याहून थोडा जास्त.

शरीर याच्याशी जुळवून घेतं. श्वासाचा वेग आणि खोली वाढते. जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो. तो सावरायचं काम मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना त्यासाठी दिवस लागतात. तास नाही, दिवस. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या वेळापत्रकात जिम, योगा किंवा रोजची टेकडी काहीही फरक करत नाही. शरीराचं आपलं एक कॅलेंडर आहे आणि ते सहल कंपनीच्या कॅलेंडरला विचारून चालत नाही.

शरीराला वेळ दिला नाही तर काय होतं? पहिली पायरी म्हणजे डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, चक्कर, थकवा, भूक मरणं, झोप न येणं. याला आम्ही ॲक्यूट माउंटन सिकनेस म्हणतो. बहुतेकांना एवढंच होतं आणि त्याच उंचीवर थांबून आराम केला तर एकदोन दिवसांत जातंही. तरीही चढत राहिलात तर काहींच्या मेंदूला सूज येते : माणूस झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, सारखा झोपतो. काहींच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसून तिथला दाब इतका वाढतो की पाणी पाझरायला लागतं. मग बसल्याजागी दम लागतो, खोकला येतो, पुढं फेसाळ, गुलाबी बेडका पडतो. हे दोन्ही प्रकार काही तासांत जीव घेऊ शकतात. फुप्फुसाचा त्रास डोकेदुखी नसतानाही होऊ शकतो आणि नवीन उंची गाठल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, बहुतेकदा रात्री, गाठतो.

आता कार्यक्रमपत्रिका पुन्हा वाचा. तिसऱ्या रात्री पँगाँग. आजार गाठण्याची वेळ आणि रुग्णालयापासून सर्वांत लांब असण्याची वेळ आपण मुद्दाम जुळवून आणल्यासारखी एकच.

जवानाला सहा दिवस, काकांना एक

हे ज्ञान नवीन नाही, परदेशीही नाही. १९६२ च्या सुमारास आपले जवान सपाटीवरून घाईघाईनं हिमालयात न्यावे लागले. त्यांना काय त्रास झाला याचा अभ्यास आपल्याच लष्करी डॉक्टरांनी केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर लिहिलेला लेख १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि या विषयातला तो पायाभूत लेख मानला जातो.

आज आपल्या सैन्याची पद्धत अशी : ९,००० ते १२,००० फुटांवर पहिले सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. मग १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस. त्याच्या वर जायचं तर आणखी चार. लेह पहिल्या टप्प्यात येतं, पँगाँग दुसऱ्या. म्हणजे विशीतल्या, तगड्या, तपासून निवडलेल्या जवानाला पँगाँगच्या उंचीवर न्यायच्या आधी सहा दिवस. आणि साठीतल्या काकांना, गुडघे धरून बसणाऱ्या काकूंना आणि चार वर्षांच्या नातवाला एक दिवस, तोही स्तूप चढण्यात गेलेला!

कुणी म्हणेल, जवानाला तिथं ओझं वाहायचं असतं, आम्ही गाडीत बसून असतो. बरोबर आहे. म्हणून पर्यटकाला सहा दिवस थांबा असं कुणीच सांगत नाही. नागरिकांसाठीचा सर्वमान्य नियम सौम्य आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. लेह ते पँगाँग ही उडी ७०० मीटरच्या वर आहे. तिच्या आधी लेहच्या पातळीवर जास्तीचे दिवस काढायलाच हवेत. एवढं साधं गणित आहे.

नेहमीचे युक्तिवाद

"इतके लोक जातात, कुणाला काही होत नाही." बहुतेकांना गंभीर काही होत नाही हे खरंच आहे. हेल्मेट न घालता जाणारेही बहुतेक जण संध्याकाळी घरी येतात. शिवाय ज्यांना त्रास होतो ते परत आल्यावर तळ्याचे फोटो दाखवतात, रात्रभर केलेल्या ओकाऱ्यांचे नाही.

"आमचे आजोबा पायी केदारनाथला गेले होते." केदारनाथ ३,५०० मीटरच्या वर आहे आणि आजोबा खरोखर गेले होते. पण ते खालून मुक्काम करत, दिवसेंदिवस चालत गेले. नकळत शरीराला वेळ देत गेले. आज नातू हेलिकॉप्टरनं काही मिनिटांत तिथं उतरतो. दोष उंचीचा नाही, वेगाचा आहे.

"आम्ही विमानानं नाही, रस्त्यानं जातो, म्हणजे आपोआप सवय होते." हे अर्धं खरं. श्रीनगर १,६०० मीटर, मग कारगिल २,७०० मीटर, मग लेह, अशा मुक्कामांनी गेलात तर खरंच फायदा होतो. पण मनालीहून निघून दुसऱ्याच रात्री सरचूला झोपलात तर २,००० मीटरवरून थेट ४,३०० च्या आसपास गेलात. अटल बोगद्यानं २०२० पासून हा प्रवास आणखी वेगवान केला आहे. त्या रस्त्यानं जायचं तर आधी मनाली आणि जिस्पाला मुक्काम वाढवा. रस्ता सुंदर आहे म्हणून तो सुरक्षित होत नाही.

"कापूर हुंगला की बरं वाटतं." कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि लहान मुलानं ती पुडी तोंडात घातली तर फिट येऊ शकते. होमिओपॅथीच्या ‘कोका’च्या गोळ्या, लसूण, भरपूर पाणी यांचंही तेच. पाणी तहानेपुरतं जरूर प्या, कारण तिथली हवा कोरडी असते, पण पाण्यानं उंचीचा आजार टळतो असा पुरावा नाही.

"ऑक्सिजनचे डबे घेतलेत ना!" हाताएवढ्या डब्यात साधारण सहा ते दहा लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला दोन लिटर लागला तर डबा तीन ते पाच मिनिटांत संपतो. तंबूपासून टांगत्सेसुद्धा तेवढ्यात येत नाही. गाडीत मोठा सिलिंडर, रेग्युलेटर, मास्क आणि तो लावता येणारा माणूस असेल तर ती सोय. डबा म्हणजे मनाची समजूत.

"ऑक्सिमीटर आहे." कोविडपासून तो घरोघरी आहे. लेहला पहिल्या दिवशी ऐंशीच्या घरातला आकडा बघून घाबरू नका, आणि नव्वद दिसला म्हणून ठणकणारं डोकं विसरूही नका. आकड्यापेक्षा लक्षण मोठं.

खाली जायला आधी वर चढावं लागतं

या आजारावरचा सर्वांत खात्रीचा उपचार म्हणजे खाली उतरणं. पण पँगाँगचा भूगोल वाईट आहे. तिथून लेहला परतायचा नेहमीचा रस्ता चांगला खिंडीतून जातो. म्हणजे ४,२०० मीटरवर घुसमटणाऱ्या माणसाला खाली न्यायचं तर आधी हजार मीटर वर चढवावं लागतं. श्योक नदीच्या काठानं नुब्राकडे उतरणारा रस्ता मोठी खिंड टाळतो, पण तो लांबचा आहे आणि पाण्यानं किंवा दरडींनी अडू शकतो. म्हणून इथं "त्रास झाला तर बघू" हे धोरण चालत नाही. बघायचं ते निघायच्या आधी, लेहमध्येच.

तर मग काय करायचं?

जायचंच. मीही गेलो आहे आणि ते निळं पाणी क्षणाक्षणाला रंग बदलताना बघत बसलो आहे. ‘थ्री इडियट्स’नं वेड लावलं असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त क्रम बदला.

विमानानं जाणार असाल तर लेहला सलग तीन रात्री. पहिले दोन दिवस खरोखर आराम : झोप, गच्चीतून डोंगर बघणं, फार तर बाजारात हळू फेरी. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. मग नुब्रा. खारदुंगला खिंड उंच आहे, पण तिथं रेंगाळू नका. नुब्रातला मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षाही खाली. तिथं दोन रात्री काढून मग पँगाँगला एक रात्र. यासाठी दोन दिवस जास्त लागतात. सुट्टी नसेल तर पँगाँग पुढच्या वर्षी. तळं तिथंच राहणार आहे.

डायमॉक्स म्हणजे ॲसेटाझोलामाइड ही मूत्रपिंडांचं ते संथ काम लवकर उरकायला मदत करणारी गोळी आहे. घाईचा कार्यक्रम टाळताच येत नसेल किंवा आधी कधी उंचीवर त्रास झाला असेल तर ती उपयोगी आहे. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण यांत ती घेण्याआधी विचार करावा लागतो. म्हणून डोस इथं मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि ती घेतली म्हणून चढण्याची मुभा मिळत नाही.

काही जणांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटावं : हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, ताब्यात नसलेलं बीपी किंवा शुगर, गरोदर स्त्रिया, आणि ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे ते. आपल्याकडे आठ-नऊ हिमोग्लोबिनवर घर सांभाळणाऱ्या किती तरी बायका आहेत; त्यांची उंचीवर दुहेरी कोंडी होते. विदर्भ, नंदुरबार भागातल्या वाचकांसाठी खास सूचना : सिकलसेलचा आजार असेल तर या उंचीवर जाऊच नका. नुसते वाहक असाल, एरवी कसलाच त्रास नसेल, तरी उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली तीव्र दुखू शकतं. तपासणी साधी आहे, ती करून घ्या.

सहल कंपनीला पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. रोजच्या मुक्कामाची उंची किती? लेहला सलग किती रात्री? गाडीत मोठा सिलिंडर आहे का? आणि माझी तब्येत बिघडली तर मला लेहला ठेवून ग्रुप पुढे जाईल, माझ्याबरोबर कुणीतरी थांबेल, अशी सोय आहे का? हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ही सोय नसते म्हणूनच माणसं "मला काही होत नाहीये" असं खोटं बोलतात.

प्रवासात तीन नियम. एक, उंचीवर डोकं दुखलं की तो उंचीचाच आजार समजा. पित्त, ऊन, जागरण ही कारणं नंतर. दोन, लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. तीन, लक्षणं वाढत असतील, बसल्याजागी दम लागत असेल किंवा पावलापुढे पाऊल टाकत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता ऑक्सिजन लावून खाली. आजारी माणसाला एकट्याला पाठवू नका, तंबूत एकटं सोडूही नका.

आणि आम्ही डॉक्टर

सहल कंपन्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. सहा दिवसांत सगळं ‘कव्हर’ करणारी सहल त्या विकतात, कारण आपण तीच विकत घेतो. आणि त्या सहलीवर आम्ही डॉक्टर दहा मिनिटांत शिक्का मारतो, म्हणून ती चालते. फिटनेस सर्टिफिकेट हे सपाटीवरच्या माणसाचं असतं. त्या कागदानं कंपनी सुरक्षित होते, तुम्ही नाही.

त्या गृहस्थांनंतर मी एक नियम केला आहे. फॉर्मबरोबर कार्यक्रमपत्रिका आणायची. तिसऱ्या रात्री पँगाँग लिहिलेलं असेल तर मी सही करत नाही. काही पेशंट रागावून दुसरीकडून सही आणतात. काही जण मात्र कंपनीला फोन करतात, भांडतात आणि दोन दिवस वाढवून घेतात. ते परत येऊन मला फोटो दाखवतात तेव्हा मी ते अगदी निवांत बघतो.

आणि ते गृहस्थ? त्यांनी त्या लडाखी ड्रायव्हरचा नंबर जपून ठेवला आहे. दर दिवाळीला फोन करतात. मी वर्षानुवर्षं शिकून जे विचारायला विसरलो होतो ते त्या माणसाला पाठ होतं : सकाळची वाट बघायची नाही.